अमावास्येला भाव सांगणारा दिगूभाई

दिगूभाई सारंग गेल्याची बातमी आचरा गावाला मी सांगितली, हीच पहिली चूक झाली. सकाळची वेळ. तिठ्यावरच्या माझ्या हॉटेलात पहिल्या एसटीची माणसं चहाला बसलेली, कढईत भजी पडलेली, आणि फोन वाजला. पलीकडे सरितावहिनी, म्हणजे दिगूची बायको. "वसंता, हे उठणत नाय रे..." एवढंच म्हणाल्या. मी होतो तसा धावत गेलो. डॉक्टर येऊन गेले, त्यांनी मान हलवली. परत आलो, हॉटेलाच्या पायरीवर उभा राहिलो आणि म्हणालो, "दिगू गेलो रे." तर एकाने बशीतला चहा फुंकत विचारलं, "खंय? कुडाळाक?" दुसरा म्हणाला, "वश्या, कालच तर सांगी होतंस, दिगूक न्हेवक गोव्याच्या मंत्र्यान विमान धाडल्यान म्हणान." आणि सगळे हसले. त्यांचा दोष नाही. आचऱ्याच्या खाडीत मी मगरीला जानवं घातलेलं पाहिलंय, माझ्या आजोबांच्या फणसात एकदा चोर लपला होता, आणि एका वर्षी बांगडा इतका पडला की मांजरांनी उपास धरले, असं सगळं गाव माझ्याच तोंडून ऐकत आलंय. शेवटी मी आत गेलो आणि कढईखालचा गॅस बंद केला. समोर गिऱ्हाईक बसलेलं असताना वश्याने कढई उतरवली, म्हणजे... मग एकेक जण उठला. कुणी पुढचा घोट घेतला नाही.

दिगू आणि मी शाळेत एका बाकावर होतो. त्याचं घराणं तारवं हाकणाऱ्यांचं. पणजा, आजा, बाप, सगळे समुद्रावर पोसलेले. हा मात्र होडीत पाय ठेवला की हिरवा पडायचा. मी म्हणायचो, दिगूला उलटी व्हायला होडीही लागत नाही, होडीचं चित्र पुरतं. तर असा हा समुद्राने नाकारलेला सारंग काही वर्षं मुंबईत एका गोदामात कारकुनी करून परत आला तो वडिलोपार्जित जमिनीतला आपला वाटा विकायला. तो वाटा काही त्याला विकता आला नाही. पण विकण्याच्या खटपटीत त्याने तलाठी, सर्वेअर, वकील, रजिस्ट्रार यांच्याकडे इतक्या चपला झिजवल्या, की त्याला जमिनी कशा विकल्या जातात आणि कशा विकल्या जात नाहीत हे दोन्ही पाठ झालं. वाटा राहिला, दिगू एजंट झाला.

जमिनीचा एजंट म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर कोण येतं ते मला ठाऊक आहे. पांढरे बूट, गळ्यात साखळी, दोन कानांना दोन फोन. दिगूभाईकडे एक जुनी स्कूटर, एक काळी छत्री आणि पुढे आलेलं पोट, एवढंच भांडवल होतं. ती छत्री तो उन्हाळ्यातही न्यायचा, कारण जागा दाखवताना गिऱ्हाइकाला ऊन लागलं तर ते जागेला नावं ठेवतं. आणि गिऱ्हाइकाला सावली मिळाली तर? "मगे ता खरां बगता," असं त्याचं उत्तर. एजंटाला गिऱ्हाइकाने खरं बघायला हवं असतं, हे ऐकून मला तेव्हा भोवळ आली होती.

त्याची खरी ख्याती मात्र अमावास्येची. आमच्याकडे अमावास्येला कुणी जागेचा सौदा करत नाही, विसार, म्हणजे आगाऊ रक्कम, देत नाही, घेत नाही. बाकीचे एजंट त्या दिवशी घरी झोपा काढत. दिगूचं म्हणणं, ज्या दिवशी काही विकायचं नसतं त्याच दिवशी माणूस भावाबद्दल सरळ बोलू शकतो. म्हणून दर अमावास्येला चार वाजता तो माझ्या हॉटेलात यायचा, बिनसाखरेचा चहा आणि कांदाभजी मागायचा आणि सरत्या महिन्यात जिल्ह्यात घरांचं आणि जमिनींचं काय झालं ते मोठ्याने सांगायचा. मालवण, देवबाग, कुडाळ, दोडामार्ग... कुठे चढलं, कुठे उतरलं, कुठे नुसतीच गजाल आहे आणि व्यवहार एकही नाही. ऐकायला फुकट. आचरा तो कायम शेवटी ठेवायचा, त्यामुळे माणसं शेवटपर्यंत बसायची आणि माझी दुसरी कढई खपायची. या एका गोष्टीसाठी मी त्याचा जन्माचा ऋणी आहे. फक्त दिवाळीच्या अमावास्येला तो गप्प राही. लक्ष्मी घरात येते त्या दिवशी तिच्यादेखत घरं विकायची भाषा बरी नव्हे, म्हणे.

तो सांगायचा ते आकडे मी इथे देत नाही. मी दिले तर ते खोटे असणार हे तुम्हीही जाणता. पण ते आकडे तो काढायचा कसे, हे सांगायलाच हवं, कारण हे शास्त्र त्याच्याबरोबर गेलं. महिनाभर तो स्कूटरवरून जिल्हा पालथा घालायचा. सरकारी दराचा तक्ता त्याला पाठ होता, पण तो म्हणायचा, तक्ता वर्षातून एकदा जागा होतो, माणसं रोज जागी होतात. कुडाळच्या बाजारात तो आधी गादीवाल्याकडे जायचा. एकेरी गाद्या जास्त खपल्या तर कारखान्यात नवी पोरं आली, खोल्यांची भाडी चढणार. दुहेरी खपल्या तर त्याच पोरांची लग्नं झाली, आता फ्लॅट विचारणार. दोडामार्गला सकाळी नाक्यावर उभा राहून गोव्याकडे कामाला जाणाऱ्या मोटरसायकली बघायचा. मागच्या सीटवर बायको आणि डबा दिसायला लागला की समजायचं, माणूस इथे घर करून राहणार. बांधकामाच्या चिऱ्याचे ट्रक कुठल्या रस्त्याला वळतात ते बघायचा. बंद घरांची कुलपं बघायचा: गंजलेलं कुलूप म्हणजे घर विसरलेलं, तेल घातलेलं कुलूप म्हणजे मालकाचा जीव अजून अडकलेला, तिथे भाव विचारायला जाऊ नये. आणि गणपतीत तर तो दर्शनाच्या निमित्ताने थेट लोकांच्या स्वयंपाकघरात डोकावायचा. एका घरात दोन गॅसच्या शेगड्या दिसल्या की बाहेर येऊन माझ्या कानात सांगायचा, "वर्सभरात वाटप." आणि व्हायचंच. मला वाटतं, काही घरांत भाऊ भांडायचे राहिले असतील ते केवळ दिगूभाई आत येतोय हे पाहून एक शेगडी पलंगाखाली लपवल्यामुळे!

मी मध्ये मध्ये माझी भर घालायचो. "देवबागेत भाव इतको चढलो, कुर्ल्यो बिळांचां भाडां घेवक लागल्यो." माणसं हसायची. दिगू हसायचा नाही. तो थांबायचा, चहाचा घोट घ्यायचा आणि म्हणायचा, "वश्याची भजी खावा, गजाली खाव नकात." मग पुढे चालू.

त्याच्या खरेपणाला एक काटा होता, तोही सांगून टाकतो. कुणाचं मन राखायचं म्हणून तो भावात कधी सूट देत नसे. आमचे एक निवृत्त गुरुजी, आम्हा दोघांना मारलेले, भर हॉटेलात त्यांनी विचारलं की माझ्या घराचं काय येईल. दिगू उठून उभा राहिला, हात जोडले आणि म्हणाला, "गुरुजी, घराचां काय येवचां नाय. दारातल्या फणसाचां मात्र चांगलां येतलां." गुरुजी पुढे वर्षभर माझ्याकडे चहाला आले नाहीत. मी दिगूला म्हणालो, मेल्या, जरा गोड बोलला असतास तर काय बिघडलं असतं? तर म्हणतो, "त्यांनी त्या भरवशार झिलाक कर्ज काढूक सांगितल्यानी असता." असा माणूस. खुर्चीत बसल्याबसल्या तो समोरच्याचं, त्याच्या मुलाचं, पुढचं सगळं बघून यायचा.

आता सुलूची गोष्ट सांगतो. या गोष्टीत मी एक शब्दही पदरचा घातलेला नाही. घालायला जागाच नाही.

सुलभा, आमच्या गावची सुलू, ही समुद्राकडच्या वाडीत राहते. नवरा लवकर गेला. तिघे दीर मुंबईत, सगळ्यात मोठा मोहन. सासरचं घर सगळ्यांच्या नावावर, पण त्यात राहणारी ही एकटी. तिने पडवीत चार बाकडी टाकली आणि खानावळ काढली. तिच्या बांगड्याच्या तिखल्याबद्दल मी काही सांगत नाही, कारण मी कमी सांगितलं तर अन्याय होईल आणि जास्त सांगता येईल इतकी माझीही ताकद नाही. तर एका पुण्याच्या हॉटेलवाल्याला ते घर आणि पुढची जागा आवडली. घर पाडून तिथे मोठं रिसॉर्ट बांधायचं होतं त्याला. त्याने मोहनला गाठलं. मोहनच्या डोक्यात मुलीचं लग्न, धाकट्यांच्या डोक्यात विरारचे फ्लॅट. दीर वाईट नव्हते. सुलूला तिचा वाटा देणार होते, बोटभरही कमी करणार नव्हते. पण मोहन म्हणाला, "सौदो दिगूभाईन करूचो. तो सांगीत तो भाव. मगे कोणाच्या मनात रवाक नको."

ती बातमी ऐकली त्या दिवशी सुलू दिगूकडे आली. मी तिथेच बसलो होतो. चुलीसमोरून उठून आली होती, हाताला हळद तशीच. उंबऱ्यावर उभी राहून म्हणाली, "दिगूभाई, माका किती गावतले ता सांगू नकात. मी रांधू खंय, तेवढां सांगा."

ती गेली. मग मी बोललो. माझ्याच्याने राहवेना. "दिगू, एकदाच खोटां बोल. आचऱ्याचो भाव पडलो म्हणान सांग. मोहन हात आखडता घेतलो, पुणेकर कंटाळान जातलो. मी रोज बोलतंय, माझी जीभ झडली काय?"

"तुझी झडूक नाय," तो म्हणाला, "म्हणानच तुझां कोण ऐकणा नाय."

त्या महिन्यात दिगू जिल्ह्यात फिरला तो फक्त सकाळचा. दुपार झाली की सुलूच्या पडवीत कोपऱ्यातल्या बाकड्यावर जाऊन बसायचा. जेवायचा आणि बसून राहायचा. मला तर रागच आला. तिचं घर जायची वेळ आलीय आणि हा तिसऱ्यांचं सुकं चापतोय! मी टोमणा मारला, "काय रे, भाव आता पोटात शिजता?" तर मिशीतल्या मिशीत हसला. तो तिथे येणाऱ्याजाणाऱ्यांशी बोलायचा. खंयसून इलास, कोणी सांगितल्यान, रवतास खंय, परत येतलास काय... मला वाटलं, म्हातारा होतोय, बडबड वाढलीय.

आणि पौषातली अमावास्या आली. चार वाजायच्या आधीच हॉटेल भरलं. तिठ्यावर एक मोठी गाडी थांबली, तिच्यातून मोहन उतरला आणि मागून तो पुण्याचा हॉटेलवाला. मोहन सकाळी कुडाळ स्टेशनवर उतरला होता, जागा परत बघून झाली होती, खिशात विसाराचा कागद तयार होता आणि संध्याकाळच्या गाडीचं परतीचं तिकीट. आत आला आणि म्हणाला, "दिगूभाई, आटपून टाकूया. आताच."

दिगूने भजी खाली ठेवली. "मोहन, आज काय आसा रे?"

"शनिवार."

हॉटेल हसून फुटलं! माझ्या हातातली किटली हलली. मागून कुणीतरी ओरडलं, "मुंबयत अमावास्या येणा नाय काय रे?" मोहनने आधी आमच्याकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे, आणि त्याचा चेहरा असा झाला की मला त्याची दया आली. आचऱ्याचा माणूस, आई-बापाचं घर विकायला आला आणि तिकीट काढलं ते अमावास्येचं! पुण्याचा माणूस म्हणाला, आमचं काही नाही बुवा, आम्ही मानत नाही. पण मोहनचा हात काही खिशाकडे जाईना. कितीही मुंबईकर झाला तरी तो हात इथलाच. शेवटी तो म्हणाला, "उद्या करूया. रवतंय आज."

"मगे बस," दिगू म्हणाला. "इलंस तसो भाव ऐकान जा. साहेब, तुम्हीही बसा. वश्या, चाय दी."

सुलू दाराशी आली होती. आत आली नाही, सोड्याच्या बाटल्यांच्या क्रेटजवळ उभी राहिली.

दिगूने नेहमीसारखं मालवणपासून सुरू केलं. देवबाग झालं, कुडाळ झालं, दोडामार्ग झालं. तो साहेबासाठी शुद्ध बोलायचा प्रयत्न करत होता आणि दर वाक्याला घसरून घरी येत होता. मग आचरा. आणि सगळ्यांसमोर त्याने सुलूच्या त्या घराच्या जागेचा भाव सांगितला. मी डोळे मिटून घेतले. कारण भाव चढा होता. पुणेकराने देऊ केलेल्याहूनही चढा! मोहनची मिशी वर झाली. मी डोळे उघडून दाराकडे पाहिलं, तर सुलू क्रेटला धरून उभी होती. मनात म्हटलं, संपलं. एवढं मीठ खाऊन या माणसाने...

"साहेब," दिगू म्हणाला, "तुम्ही आचऱ्यात पहिल्यांदा कशाला आलात?"

"जेवायला," पुणेकर सरळ म्हणाला. "मालवणात एकाने सांगितलं, सुलभाताईंकडे जाऊन तिखलं खा."

"आणि ही जागा आवडली कधी?"

"हात धुवायला मागीलदारी गेलो तेव्हा. तिथून समुद्र दिसला."

दिगू आमच्याकडे वळला. "बाबली, तुझी अर्धी नारळाची बाग घेतल्यानी ती माणसां पयली खंय जेवली?"

"सुलूकडे."

"भिकाजी, तुझ्या बाजूचां घर घेतल्यानी ती?"

"थंयच. सोलकढी दोनदा मागान घेतल्यानी."

"माझां कोणी काय घेवक नाय," मी म्हणालो, "पण मी पण थंयच जेवतंय!" सगळे हसले. दिगूने माझ्याकडे असं पाहिलं की मी भजी परतायला वळलो.

"मोहन, आता नीट ऐक," तो म्हणाला. "मी आता भाव सांगितलंय तो तुझ्या वयनीची चूल पेटती आसतानाचो. घर पाडलां की थंय पत्र्याचां कुंपण येतलां, चिऱ्याचे ट्रक येतले, दोन वर्सां धुरळो. माणसां जेवक मालवणाक जातली, आणि जेवान उठली की जागा पण थंयच बगतली. मगे बाबलीक गिऱ्हाईक नाय, भिकाजीक नाय. आणि तुमची ती वरची भरड आसा, तिका तर कुत्रो इचारुचो नाय. आज तिका गिऱ्हाईक आसा. तुझ्या बाजूकच बसलाहा."

वाडीच्या वर डोंगराच्या अंगाला त्या भावांची खडकाळ जमीन होती. कुणी तिच्याकडे कधी पाहिलं नव्हतं, गुरांनीसुद्धा नाही. पुणेकर धंदेवाला माणूस, त्याचे कान उभे राहिले. "वरून समुद्र दिसतो?"

"खालच्यापेक्षा जास्त. आणि खाली उतरलात की जेवण तयार."

मोहन घुटमळला. "पण दिगूभाई, घराचो भाव चांगलो इलो आसा..."

"इलो आसा. मी खंय नाय म्हणतंय? विकूचां काय नाय ता तू ठरय."

आणि सुलू क्रेट सोडून आत आली. दिरासमोर कधी मोठ्याने न बोललेली बाई. म्हणाली, "भावोजी, भरडीतलो माझो वाटो तुमी तिघांनी घेवा. माझ्यापाशी फक्त घर ठेवा."

मोहनने गार झालेला चहा एका घोटात संपवला. मग म्हणाला, "उद्या वर जावन बगया."

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे वर चढलो. तो चढ असा, की अर्ध्या वाटेत पुणेकराच्या बुटांनी राजीनामा दिला. पण माथ्यावर पोचल्यावर त्याने आचऱ्याच्या खाडीपासून पार समुद्रापर्यंत नजर टाकली आणि बुटांचं विसरून गेला. दिगूने त्याच्या डोक्यावर छत्री धरली होती. सौदा ठरला, पण दिगूची एक अट होती: भरडीच्या कागदावर सह्या होतील त्याच फेरीत, त्याच टेबलावर, तिघा दिरांनी घरावरचा हक्क सोडल्याच्या कागदावरही सह्या करायच्या. "माणसां मुंबयक पोचली की मतां बदलतंत," म्हणाला. तशा त्या झाल्या. घर सुलूचं झालं. मोठा सौदा सोडून दिगूने छोटा केला, त्यात त्याचं काय बुडालं ते त्याने बायकोलाही सांगितलं नाही, मग मला कुठून सांगणार!

आता एवढ्यावर मी थांबलो तर दिगू देवमाणूस ठरेल, आणि तो वरून माझ्यावर छत्री फेकून मारेल. पुढच्या काही महिन्यांत वर हॉटेल उभं राहायला लागलं आणि खाली वाडीचा भाव चांगलाच वर गेला. तोही त्याने अमावास्येला जसाच्या तसा सांगितला. मोहनच्या कानावर गेलं. त्याने फोन करून दिगूला नाही नाही ते ऐकवलं. फसवलंस, म्हणाला; घर ठेवलं असतं नावावर तर आज काय झालं असतं! मी शेजारी होतो. दिगूने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाला, "त्या दिवसाचो भाव त्या दिवशी सांगितलंय, मोहन. फुडचो सांगूक मी काय देवळातलो घाडी नाय." फोन ठेवल्यावर मात्र त्याने भजी खाल्ली नाहीत. लागलं होतं त्याला.

मी त्याला तेव्हाच विचारलं, की त्या अमावास्येला भाव कमी सांगायचा मोह तुला झाला नव्हता का? म्हणाला, "झालेलो. पण खोटां सांगितलंय असता तर मोहनान दुसऱ्या एजंटाक इचारल्यान असता. खऱ्याक दुसरो एजंट नसता." हे वाक्य मी नंतर शंभर लोकांना माझं म्हणून ऐकवलं. कुणालाही पटलं नाही की ते माझं असेल.

दिगूच्या तेराव्याला मोहन आला. कुणी कळवलं नव्हतं, आपणहून आला. सरितावहिनींना भेटला, सुलूकडे जेवला आणि जाताना माझ्याकडे चहा प्यायला. म्हणाला, "माझ्या चेडवाच्या लग्नाक घर विकूचां पडलां नाय, ह्यां मी तेका कधी सांगूक नाय." मी त्याच्या चहाचे पैसे घेतले नाहीत. असं माझ्या हातून क्वचित होतं.

आणि गेल्या आठवड्यात अमावास्या आली. मी कुणाला बोलावलं नव्हतं. खरं तर दुपारनंतर हॉटेल बंद ठेवायचा विचार होता. पण साडेतीनपासून माणसं यायला लागली. बाबली आली, भिकाजी आला, चिऱ्याचा ट्रक चालवणारा आला, देवबागेतला एक होमस्टेवाला आला आणि दिगूच्याच खुर्चीवर जाऊन बसला. त्याला काय माहीत. कुणी उठवलं नाही त्याला. कुडाळचा गादीवाला दुकान पोरावर टाकून आला होता. सरितावहिनी माझ्या बायकोबरोबर आतल्या बाजूला बसल्या. सुलू आली. मी सगळ्यांना चहा दिला. चार वाजून गेले.

गादीवाल्याने घसा साफ केला. "एकेरी गाद्यो ह्या महिन्यात कमी गेल्यो," म्हणाला. एवढंच.

जरा वेळाने ट्रकवाला म्हणाला, "चिरो सगळो वेंगुर्ल्याच्या बाजूक जाता हा." देवबागेतला म्हणाला, त्याच्या शेजारचं घर विकायचं होतं, मालकाने बोर्ड काढून ठेवला. मागून दोडामार्गचा एक कुणी उठला आणि नाक्यावर सकाळी काय पाहिलं ते त्याने सांगितलं. ज्याने जे डोळ्यांनी पाहिलं तेवढंच. एकानेही भर घातली नाही. मग सगळे आपोआप सुलूकडे बघायला लागले, कारण आचरा शेवटी असतो.

सुलू उभी राहिली. "आमच्या वाडीत एक बंद घर उघडलां," म्हणाली. "मुंबयसून म्हातारा-म्हातारी रवाक इली. विकूक म्हणान काय नाय."

माणसांनी माना हलवल्या. मला वाटलं, झालं. तेवढ्यात आतून सरितावहिनींचा आवाज आला. "वसंता, तू रे? तू काय बगलंस?"

माझ्या जिभेवर लगेच कुर्ल्या आल्या, मगरी आल्या, विमानं आली. हॉटेलभर माणसं वाट बघत होती. मी किटली खाली ठेवली.

"आज खुर्च्यो कमी पडल्यो," मी म्हणालो.

कुणी हसलं नाही. सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. दाराबाहेर, पायरीवर, पार रस्त्यापर्यंत माणसं उभी होती.